तारण ठेवलेला प्रवासी

परदेशी सहलीला गेलेली माणसे तिथल्या उलथापालथीत सापडली की आपली वर्तमानपत्रे ‘पर्यटक अडकले’ असा मथळा देतात. या ‘अडकले’त योगायोग गृहीत धरलेला असतो. भांडण त्यांचे, पाहुणा बिचारा मध्ये सापडला. पुष्कळदा ते खरेही असते. पण नोव्हेंबर २००८ मध्ये बँकॉकला जे घडले त्याला हे क्रियापद पुरत नाही. मराठी वाचकाच्या स्मरणात ती घटना फारशी नाही, कारण त्याच आठवड्यात मुंबईवर २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला.

थायलंडचे पंतप्रधान थाक्सिन शिनावात्रा यांना लष्कराने २००६ च्या सप्टेंबरात हटवले. पुढच्या निवडणुकीत त्यांच्याच माणसांचा पक्ष सत्तेवर आला आणि २००८ च्या सप्टेंबरात त्यांचे मेहुणे सोमचाई वोंगसावात पंतप्रधान झाले. विरोधात ‘पीपल्स अलायन्स फॉर डेमोक्रसी’ ही आघाडी उभी होती. तिचे लोक पिवळे सदरे घालत. राजे भूमिबोल यांचा जन्म सोमवारचा, आणि थाई परंपरेत सोमवारचा रंग पिवळा.

या पिवळ्या सदऱ्यांनी ऑगस्टअखेर थेट पंतप्रधानांच्या कार्यालयाचे आवार ताब्यात घेतले आणि तिथे तीन महिने मुक्काम ठोकला. सरकार पडले नाही. ते दोन मुएंग या जुन्या विमानतळावर बिऱ्हाड हलवून तिथून कारभार करू लागले! माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. राज्यकर्त्याची खुर्ची अडवून राज्य अडत नाही, हे आंदोलकांना कळून चुकले होते. मग कशाने अडते?

२५ नोव्हेंबरच्या संध्याकाळी ते सुवर्णभूमी विमानतळात शिरले. सांगायचे कारण असे, की सोमचाई पेरूतील परिषदेहून परतत आहेत, त्यांना उतरू द्यायचे नाही. सोमचाई दुसऱ्या दिवशी उत्तरेला चिआंग माईला उतरले. कारण संपले, तरी वेढा उठला नाही. उलट दोन मुएंगही बंद पडला. पाहुण्यांवर कोणी हात उगारला नाही, पण त्यांना घरी जाता येत नव्हते. वर्षाला सुमारे दीड कोटी परदेशी पाहुणे येणाऱ्या देशात ही दुखरी नस होती. ओलीस म्हणावे तर इथे बंदूक नव्हती, म्हणून मी ‘तारण’ म्हणतो. सावकार तारणाची वस्तू फोडत नाही, फक्त सोडत नाही.

पोलिसांनी विमानतळ रिकामा का केला नाही, असा प्रश्न पडतो. ७ ऑक्टोबरला संसदेबाहेर त्यांनी अश्रुधूर वापरला, त्यात माणसे दगावली, शेकडो जखमी झाले. त्यानंतर बळ वापरण्याची जबाबदारी घ्यायला कोणी धजेना. लष्करप्रमुखांनी तर पंतप्रधानांनाच संसद विसर्जित करण्याचा सल्ला दिला.

अडकलेल्यांचा आकडा साडेतीन लाखांच्या घरात सांगितला जातो. त्यांच्यासाठी पट्टायाजवळचा उ-तपाओ हा नौदलाचा तळ उघडण्यात आला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेची बी-५२ बॉम्बफेकी विमाने इथून उडत. धावपट्टी त्यामुळे हवी तेवढी लांब, पण प्रवाशांची इमारत एखाद्या छोट्या गावच्या विमानतळाएवढी. हजारो लोक बसगाड्यांतून दोन-अडीच तासांचा रस्ता कापून तिथे पोचत आणि सामानावर बसून राहत. विम्याचा आधार घ्यावा, तर प्रवासविम्याच्या कित्येक करारांत दंगल व नागरी अशांतता यांना बारीक अक्षरात वगळलेले असते. ते कलम घरी असताना कोण वाचतो?

२ डिसेंबरला घटनात्मक न्यायालयाने निवडणुकीतील गैरप्रकारांवरून सत्ताधारी पक्ष विसर्जित केला आणि सोमचाईंचे पद गेले. दुसऱ्या दिवशी आंदोलकांनी विजय जाहीर करून विमानतळ सोडला. खटला आधीपासूनचा होता, म्हणून वेढ्यामुळे सरकार पडले असे म्हणता येणार नाही. वेढ्याने एवढे केले, की सरकार काही दिवस स्वतःच्या राजधानीतही उतरू शकत नाही हे जगाला दाखवले. पाहुणे घरी गेले. हॉटेलात चादरी बदलणारी बाई आणि टुकटुकवाला मात्र रिकाम्या हंगामाला तोंड देत मागे राहिले.

२०१० मध्ये पाळी थाक्सिन समर्थक लाल सदऱ्यांची आली. त्यांनी राचप्रासोंग हा मॉल आणि बड्या हॉटेलांचा चौक धरला. विमाने चालू राहिली, पाहुणे येत-जात राहिले. त्या एप्रिल-मेमध्ये नव्वदहून अधिक माणसे मेली, बहुतेक थाईच.

सुवर्णभूमीचा हिशेब पुढे दिवाणी न्यायालयात झाला. विमानतळ कंपनीला ५२ कोटी २० लाख बाट भरपाई द्यावी, असा आदेश तेरा नेत्यांविरुद्ध झाला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. दावा कंपनीचा होता, भरपाई बुडालेल्या उत्पन्नाची आणि नुकसानीची. उ-तपाओला सामानावर बसलेल्यांचा त्या हिशेबात रकाना नव्हता.