आलेखासाठी नेस्टेड ॲरे

ॲरेमध्ये दुसरे ॲरे ठेवले की नेस्टेड ॲरे तयार होतो. आलेख काढणाऱ्या अनेक लायब्ररींना माहिती अशीच लागते: बाहेरचा ॲरे म्हणजे तक्ता, आतला प्रत्येक ॲरे म्हणजे त्यातील एक ओळ.

उदाहरणार्थ, रायपूर राजधानी असलेले छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी स्थापन झाले. त्याची आणि महाराष्ट्राची जनगणनेतील लोकसंख्या (कोटींत) जावास्क्रिप्टमध्ये अशी मांडता येईल (टंकताना अंक इंग्रजी घ्यावेत):

तक्ता = [
["वर्ष", "छत्तीसगड", "महाराष्ट्र"],
["२००१", २.०८, ९.६९],
["२०११", २.५५, ११.२४]
];

लोकसंख्या अवतरणचिन्हांत घालू नका. मग ती संख्या न राहता मजकूर ठरते.

तक्ता लूपने भरताना एक चूक वारंवार होते. ‘ओळ’ हा ॲरे लूपबाहेर एकदाच तयार करून, प्रत्येक फेरीत त्यातील आकडे बदलून तो पुश केला, तर तक्त्यात एकाच ॲरेचे दोन संदर्भ जातात. दोन्ही ओळी २०११ च्या होतात. एरर येत नाही, पण आलेखातून छत्तीसगडची सुमारे ४७ लाखांची वाढ नाहीशी होते. म्हणून प्रत्येक फेरीत नवा ॲरे तयार करा आणि आलेख काढण्यापूर्वी तक्ता एकदा छापून पाहा.