गाठ तेवढीच, तरी डॉक्टर समाधानी

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला मामाकडे गेलो, तर दादा कुबड्यांवर. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, वय 17, शाळेच्या कबड्डी संघातला. मांडीच्या हाडाचं, गुडघ्याच्या जरा वरचं दुखणं सगळ्यांनी ‘खेळताना लचकलं असेल’ म्हणून सोडून दिलं होतं. निघाला ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग. तो आपल्याच वयाच्या मुलांमध्ये जास्त आढळतो, आणि बहुतेक वेळा गुडघ्याजवळच.

यात सहसा ऑपरेशन लगेच करत नाहीत. आधी दोन-अडीच महिने केमोथेरपी. ती सुरू होण्यापूर्वी एक एमआरआय आणि ऑपरेशनपूर्वी दुसरा. मी तिथे असतानाच दुसरा रिपोर्ट आला. गाठ जवळजवळ तेवढीच! मामी आत जाऊन रडली. डॉक्टर मात्र समाधानी दिसत होते. मी धीर करून कारण विचारलं.

ते म्हणाले, या गाठीच्या पेशी हाडासारखा कठीण भाग तयार करतात. पेशी मेल्या तरी तो सांगाडा उरतो. म्हणून नुसती लांबी-रुंदी मोजून भागत नाही.

मग काय बघतात? पाणी. एमआरआयचं यंत्र शरीरातल्या पाण्यामधल्या हायड्रोजनकडून येणारे संदेश टिपतं. त्याचं चुंबक बहुधा 1.5 टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30 हजार पट. (बेल्टचं बक्कल बाहेरच ठेवावं लागतं.) यात एक्स-रे नसतात, त्यामुळे तपासणी पुन्हा करायला किरणोत्सर्गाची भीती नाही.

जिवंत गाठीत पेशी दाटीवाटीने असतात. जेवणाच्या सुट्टीत आमच्या मेसच्या दारात जशी हलायला जागा नसते, तसं तिथलं पाणी अडकून पडतं. औषधाने पेशी फुटल्या की पाणी मोकळं फिरू लागतं. ‘डिफ्यूजन’ नावाच्या चित्रांत हा फरक मोजता येतो. दादाच्या गाठीत पाणी पूर्वीपेक्षा बरंच मोकळं झालं होतं, भोवतालची सूजही उतरली होती. रक्तवाहिन्या आणि नसा गाठीपासून किती दूर आहेत, हेही त्याच चित्रांत दिसतं. पाय ठेवता येईल का, हे ठरवायला सर्जनला तेच लागतं.

तरी शेवटचा निकाल एमआरआयचा नाही. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. 90 टक्के किंवा जास्त पेशी मेलेल्या असतील, तर औषध चांगलं लागू पडलं म्हणायचं.

दादाचं ऑपरेशन झालं. पाय वाचला. तो रिपोर्ट अजून यायचा आहे. रविवारी घरी फोन करायची माझी पाळी आली की पहिला प्रश्न तोच.