साठ हजार किलोमीटर केस आणि एक खुर्ची

रविवारी सकाळी ताथवड्याच्या अंडरपासपाशी गाडी अडकते, तसा मी सलूनमध्ये अडकतो. तीन खुर्च्या, बाकावर सात जण, त्यात निम्मी होस्टेलची पोरं. "काका, अर्धा तास लागेल." सलूनमधला अर्धा तास म्हणजे सव्वा तास, हे कळायला वय व्हावं लागतं. तेवढ्या वेळात मी मोबाइलवर आकडेमोड करत बसलो आणि हिशेब थेट चंद्रावर गेला.

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. एक केस दिवसाला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा वाढतो, 0.35 मिलिमीटर धरा. लाखाने गुणलं की एका डोक्यावर रोज 35 मीटर नवा केस. टक्कलवाल्यांनी क्षमा करावी. 2011 च्या जनगणनेत आमच्या पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या होती 17,27,692. म्हणजे सगळं शहर मिळून रोज साठ हजार किलोमीटर केस उगवतं. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटरचा, त्याला रोज दीड वेढा. चंद्र आहे सरासरी 3,84,400 किलोमीटरवर. सोमवारी, सलूनच्या सुट्टीच्या दिवशी, हा धागा सोडायला सुरुवात केली तर रविवारच्या गर्दीपर्यंत तो चंद्राला टेकलेला असेल. आणि ही डोकी 2011 ची. त्यानंतर वाकड-ताथवडे-पुनावळ्यात किती टॉवर उठले ते खिडकीतून बघा.

2020 साली टाळेबंदीत राज्यातली सलूनं 28 जूनपर्यंत बंद होती. उघडली तीसुद्धा कटिंगसारख्या मोजक्या कामांपुरती, दाढीला मनाई. त्या तीनेक महिन्यांत जुन्याच लोकसंख्येने वाढवलेला केस चंद्रापर्यंत जाण्या-येण्याच्या सात फेऱ्या करून उरला असता. इकडे खुर्चीमागच्या कारागिराच्या हातात त्या तीन महिन्यांत एक रुपया पडला नाही. त्याला पगार नसतो, टक्केवारी असते.

आता पैसे. पुरुषांचीच डोकी घेऊ, कडेवरची पोरं धरून नऊ लाखांवर. महिन्याला एक कटिंग, दर फक्त शंभर रुपये. महिन्याचे नऊ कोटी, वर्षाचे 108 कोटी. तिरुमला तिरुपती देवस्थानाला भाविकांनी वाहिलेल्या केसांच्या लिलावातून अलीकडे वर्षाला शंभर कोटींच्या वर मिळतात. तिथे केस देवाला देतात आणि ते विकले जातात. इथे आपण केस काढायचे पैसे मोजतो आणि ते घंटागाडीत जातात. एका कटिंगला पाच ग्रॅम धरले तरी महिन्याला साडेचार टन.

एवढा पैसा फिरतो म्हटल्यावर न्हावी मालामाल असायला हवा. माझा नंबर लागला तेव्हा कारागिराला विचारलं. गडी लातूरकडचा, हात झरझर चालतो. दुकानात टक्केवारी निम्मी-निम्मी. कटिंग दीडशे, त्यातले पंचाहत्तर त्याचे. मंगळवार ते शनिवार रोज आठेक डोकी, रविवारी बावीसपर्यंत. आठवड्याला साठ-बासष्ट झाली, महिन्याला अडीचशेच्या थोडी पुढे, म्हणजे वीस हजारांच्या आसपास. ज्यांना शनिवार चालत नाही, अमावस्या चालत नाही आणि श्रावण पाळायचा असतो, त्यांची वजाबाकी वेगळी. मालकाचं निम्मं दुकानाचं भाडं, वीज, ब्लेड, टॉवेल यांत झिरपतं. मग मालक स्वतःच तिसऱ्या खुर्चीमागे उभा राहतो.

गोम अशी आहे की केस कापायला वीस-बावीस मिनिटं लागतातच. अमेरिकेत 1921 साली लिओ वाहलला विजेच्या मशीनचं पेटंट मिळालं, त्याने मानेवरचं काम सोपं केलं, पण डोकं शेवटी एका वेळी एकच. चाकणच्या कारखान्यात यंत्रमानव आला की तेवढ्याच माणसांकडून जास्त गाड्या निघतात. सलूनमध्ये कारागीर वाढवला तरच डोकी वाढतात. अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी 1966 साली हेच नाटक-संगीताबद्दल मांडलं होतं: चौघांचं वादन चौघांनीच करायचं, त्यात बचत कुठून करणार? तरी त्यांचं मानधन वाढतं, कारण आजूबाजूचे पगार वाढतात. ताथवड्यात कटिंग दीडशेला गेली ती कैचीचा वेग वाढला म्हणून नव्हे, हिंजवडीच्या आयटीतले पगार वाढले म्हणून. आणि त्या पगारांनी दराआधी दुकानाचं भाडं गाठलं. मला यात न्हाव्यापेक्षा गाळामालकाची चांदी जास्त दिसते.

अमेरिकेतल्या सरकारी आकड्यांत न्हाव्याची मधली मजुरी ताशी सतरा डॉलरच्या पुढे आहे, आपले साधारण दीड हजार रुपये. आमच्या कारागिराचे महिन्याचे वीस हजार दुकानातल्या तासांनी भागले तर ताशी पंचाहत्तर-ऐंशी पडतात. वीसपट फरक, आणि तिथल्या माणसालाही एका डोक्याला वीस मिनिटंच लागतात. तांदूळ बोटीतून पाठवता येतो, कटिंग पाठवता येत नाही.

गावगाड्यात न्हावी धोकटी घेऊन दारोदार फिरायचा आणि खळ्यावर वर्षाचं बलुतं घ्यायचा. त्याच्या कामात दाढीही असायची. 1904 मध्ये जिलेटला रेझरचं पेटंट मिळालं आणि पुढे दाढी घराघरातल्या आरशासमोर गेली. आता पोरांनी दाढ्या राखल्यात, त्या कोरून घ्यायला तीच पोरं परत खुर्चीवर येतात. त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

उठताना लक्षात आलं, कारागिराचे स्वतःचे केस कानावर आले होते. "तुझे कोण कापतं रे?"

"सोमवारी, काका. अर्धं शटर ओढून आम्ही एकमेकांचे कापतो."

"त्याची टक्केवारी?"

तो हसला आणि बाकावरच्या पुढच्याला हात केला.