भिंतीचा निळा रंग कुठून आणायचा?

लोकरीचे तयार रंग बाजारात पुष्कळ मिळतात. पण फोटो समोर ठेवून भरतकामाला बसले की हवी ती छटा नेमकी त्यात नसते. आमच्या शाळेतील नववीच्या एका मुलीने आजोळच्या घराचा फोटो आणला. ते घर आता पाडले आहे. चुन्यात नीळ घालून रंगवलेली त्याची भिंत दुकानातल्या कुठल्याच धाग्याशी जुळेना. अशा वेळी धागा घरीच कातावा.

त्यासाठी रंगवलेली, पण न कातलेली लोकर घ्या. रंग मिसळायचा तो पिंजताना. सुरुवातीला १० ग्रॅम पुरे : ६ पांढरी, ३ निळी, १ राखाडी. तारेचे दात असलेल्या दोन पाट्यांवर लोकर ओढा, थर एकमेकांवर ठेवून पुन्हा ओढा. दोन-तीनदा बस. फार पिंजले तर रंग एकजीव होऊन भिंत सपाट, निर्जीव दिसते. थोडे तंतू वेगळे राहिले की जुन्या चुन्याचा भास होतो.

लोकरीचे रंग पाण्यातल्या रंगांसारखे विरघळत नाहीत. दुरून पाहताना डोळाच ते एक करतो. आणि शेजारचा रंग डोळ्याला फसवतो. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात १८२४ साली रंगविभागाचे प्रमुख झालेले रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांच्याकडे काळ्या लोकरीचा रंग उठत नसल्याची तक्रार आली. तपासले तर रंगात दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा निस्तेज भासत होता. १८३९ मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथच लिहिला. म्हणून चिमूटभर लोकर बोटांनी पिळून नमुना करा आणि तो कौलांच्या तांबूस धाग्याशेजारी, दिवसाच्या उजेडात पाहा. तांबड्याजवळ निळा जास्तच निळा दिसतो. मग राखाडी थोडी वाढवावी लागते.

तीन नमुन्यांतला सर्वांत फिका त्या मुलीच्या नानींनी उचलला. फोटोत तर रंग गडद आहे, असे मुलगी म्हणाली. "फोटो पावसातला आहे, बेटा. भिंत भिजलेली आहे," नानी म्हणाल्या.

कातायला टकळी चालते. दोन एकेरी धागे एकाच दिशेने काता, मग दोन्ही जोडून उलटा पीळ द्या. लड कोमट पाण्यात भिजवून, न चोळता सावलीत टांगा. गरम पाण्यात चोळलेली लोकर नमद्यासारखी गच्च होते. भरताना मोठ्या नेढ्याची सुई आणि दोन वीत धागा घ्या, लांब धागा कापडातून ये-जा करून झिजतो. वजने वहीत लिहून शेजारी नमुना चिकटवा, आणि लागेल त्यापेक्षा थोडा जास्तच काता. अर्ध्या भिंतीवर धागा संपला, तर हुबेहूब तीच छटा पुन्हा जमणे कठीण.