नशेचा महसूल आणि शेजारधर्म

जांभूळ, बदलापूर, अंबरनाथ हा सारा परिसर ज्या ठाणे जिल्ह्यात मोडतो, त्या जिल्ह्यात आणि शेजारच्या कुलाब्यात १८९२ साली मुंबई सरकारने मोहाच्या फुलांवर कायद्याने निर्बंध घातले. ही फुले गरिबाच्या पोटाला आणि गुरांच्या दावणीला उपयोगी पडत. तरीही चोरटी दारू गाळली जाते या कारणास्तव रानातल्या फुलावरही सरकारची नजर बसली. आबकारीच्या उत्पन्नाची काळजी त्यामागे होती, हे उघड आहे. वास्तविक रानापर्यंत पोहोचलेला हा हात त्यापूर्वीच शेजाऱ्यांच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आलेला होता.

माळव्याच्या अफूचेच उदाहरण घ्या. ही अफू संस्थानी मुलखात पिकत असल्याने बंगालसारखा मक्ता कंपनी सरकारला तेथे लादता आला नाही. मग मुंबई बंदरातून जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर परवाना-कर बसविण्यात आला. पण कर वाढला की व्यापारी माल कराचीमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला नेत. म्हणून १८३५ साली हा कर पेटीमागे १२५ रुपयांवर उतरवावा लागला. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, कराचीची वाट बंद झाली आणि १८४७ पर्यंत तोच कर ४०० रुपयांवर गेला. अफूचे दुष्परिणाम या काळात बदलले नव्हते. बदलली होती ती शेजाऱ्याची अगतिकता. त्याच अफूपायी १८३९ साली चीनशी युद्ध पेटले आणि १८४२ च्या तहात हाँगकाँग इंग्रजांच्या पदरात पडले.

गोव्याच्या वाट्याला युद्ध आले नाही, तह आला. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने दोन्ही प्रदेशांतील जकातीच्या भिंती पाडल्या आणि मुरगावच्या रेल्वेची वाट मोकळी केली. पण गोव्यातील मीठ, अफू आणि आबकारी यांची घडी इंग्रजांच्या सोयीने बसवावी लागली. त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळत. करार १८९२ मध्ये संपुष्टात आला. बलाढ्य शेजाऱ्याच्या तिजोरीसाठी दुबळ्याने आपले घर लावावे, असल्या व्यवस्थेला मैत्री म्हणणे कठीण आहे.

मग शेजारधर्म पाळणारे धोरण अशक्यच आहे काय? तसे नाही. १९०७ साली इंग्रज सरकारने चीनशी असे ठरविले की, हिंदुस्थानातून जाणारी अफू दरवर्षी एक दशांशाने कमी व्हावी आणि चीननेही आपल्या देशातील लागवड तशीच आवरावी. १९१३ मध्ये चीनला होणारी ही विक्री थांबली. पुढे चीनमधील अराजकात खसखशीची शेते पुन्हा फुलली, हे खरे. पण ओझे दोघांनी वाटून घेण्याचे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही.

आजच्या घडामोडींनाही हेच लागू पडते. २०२२ साली अफगाणिस्तानात तालिबानने खसखशीच्या लागवडीवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत अफूच्या उत्पादनात म्यानमारने पहिले स्थान घेतल्याचे दिसून आले. त्या म्यानमारला आपले मणिपूर आणि मिझोराम लागून आहेत. एका देशाने दार लावले की दुसऱ्याच्या अंगणात गर्दी होते. ती केवळ पहारेकऱ्यांच्या बंदुकांनी हटत नाही. पलीकडच्या शेतकऱ्याला दुसरे पीक परवडेल का, याचाही विचार करावा लागतो. खुद्द आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात औषधांसाठी परवान्याने अफू पिकते. शेतकऱ्याला कायदेशीर भाव देऊन पीक ताब्यात ठेवणे कसे असते, हे आपण अनुभवाने जाणतो. हा अनुभव शेजाऱ्याशी बोलताना उपयोगी पडावा.

तात्पर्य, नशेविषयीचे कोणतेही धोरण पारखताना दोन प्रश्न विचारावेत. त्यातून तिजोरी भरते की माणूस सावरतो? आणि आपण जे शेजाऱ्यावर लादतो, ते स्वतःवर लादून घ्यायला आपण तयार आहोत काय? कंपनी सरकारला या प्रश्नांची उत्तरे देता आली नसती. लोकशाही राज्याला ती टाळता येणार नाहीत.