छपरावरचे पाणी

नागपूर, जबलपूर किंवा दिल्ली येथे ज्यांनी सर्वांत वरच्या मजल्यावर एखादा उन्हाळा काढला असेल, त्यांना हा अनुभव नवा नाही. सूर्य मावळतो, बाहेर वारा सुटतो. घर मात्र मध्यरात्रीपर्यंत धगधगत राहते. दिवसभर शोषलेले ऊन काँक्रीटचे छप्पर रात्री आपल्या अंगावर सोडीत असते. घरातले तान्हे मूल आणि म्हातारे माणूस यांना त्याचा जाच सर्वांत अधिक.

यावर गच्चीत पाणी शिंपडण्याचा आपला उपाय अगदी शास्त्रशुद्ध आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून घेते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने छपरावर ओले गोणपाट पसरून याचे प्रयोगही केले. पण जिथे पिण्याचे पाणी टँकरने येते, तिथे ते वाफेवर कसे उधळावे?

हॅरॉल्ड हे या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने निराळी वाट काढली. १९५० नंतरच्या दशकात ते भारतात बांधकाम-साहित्याचे सल्लागार होते. पुढे १९६७ साली अ‍ॅरिझोनातील फीनिक्स येथे जॉन येलट यांच्यासह त्यांनी प्रयोगाची खोली उभारली, आणि १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील अ‍ॅटास्काडेरो येथे राहते घर. या घराचे छत पत्र्याचे. त्यावर पाण्याने भरलेल्या बंद प्लॅस्टिकच्या पिशव्या. आणि त्यांवर सरकणारी उष्णतारोधक झाकणे.

उन्हाळ्यात झाकणे दिवसा बंद. खोलीतली उष्णता पत्र्यातून वर पाण्यात जाते. रात्री झाकणे सरकवली, की तेच पाणी निरभ्र आकाशाकडे उष्णता सोडून निवते. हिवाळ्यात क्रम उलटा: दिवसा पाण्याने ऊन घ्यावे, रात्री झाकणाखाली राहून खोलीला ऊब द्यावी. पिशवी बंद असल्याने पाणी जवळजवळ खर्चच होत नाही!

मात्र, श्रोतेहो, घाईने गच्चीत तळे करू नका. २० सेंटिमीटर खोल पाण्याचा भार दर चौरस मीटरला २०० किलो होतो. जुन्या छपराला तो पेलेल की नाही, हे स्थापत्य-अभियंत्यालाच विचारावे. शिवाय ढगाळ रात्री आकाश उष्णता नीट घेत नाही. म्हणून कोकणच्या दमट हवेत ही युक्ती बरीचशी लंगडी पडते. राहता राहिले झाकणे रोज दोनदा सरकवण्याचे काम. अ‍ॅटास्काडेरोच्या घरात ते एक लहानशी विजेची मोटर करीत असे.