पुढच्या वर्षी कोणती टीम?

पुण्याच्या नावाने आयपीएलमध्ये उतरलेल्या पहिल्या संघाने ‘घरचा’ पहिला सामना नवी मुंबईत खेळला. तारीख १० एप्रिल २०११, मैदान नेरूळचं डी. वाय. पाटील, समोर पंजाब. पुणे वॉरियर्सने सामना जिंकला, पण तो बघायला पुणेकराला घाट उतरून जावं लागलं. गहुंज्याचं मैदान तेव्हा बांधून व्हायचं होतं. पुढे पुण्याच्या क्रिकेटरसिकाच्या वाट्याला जे काही आलं त्याची मेख त्या पहिल्या संध्याकाळीच मारली गेली होती: संघ आपला, घर दुसऱ्याचं.

वर्षभरात घर तयार झालं. १ एप्रिल २०१२ रोजी शरद पवारांच्या हस्ते गहुंज्याच्या स्टेडियमचं उद्घाटन झालं. लंडनच्या मायकेल हॉपकिन्स यांच्या कार्यालयाने त्याचा आराखडा केला होता आणि सुमारे ३७ हजार माणसं बसतील एवढा त्याचा पसारा होता. नाव सहारा समूहाच्या सुब्रत रॉय यांचं. गहुंजे मावळात, हिंजवडीजवळचं आमचं माण मुळशीत. पण माणच्या माणसाला स्वारगेटचं नेहरू स्टेडियम गाठण्यापेक्षा वाकडवरून महामार्ग धरून गहुंजे गाठणं कितीतरी सोपं. शिवाय हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा माणच्याच शिवारात पसरलेला, त्यामुळे इथला प्रेक्षकही दुहेरी. एक, ज्याच्या घरी अजून सातबारा आहे आणि बोलण्यात बैलगाडा, कुस्ती, कबड्डी आहे तो. दुसरा, इंदूर-कानपूर-विजयवाड्याहून आलेला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेला आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा. पहिल्याला आपल्या दाराशी आलेलं मोठं क्रिकेट बघायचं होतं, दुसऱ्याला नव्या शहरात ‘आपलं’ म्हणावं असं काहीतरी हवं होतं. दोघांनाही एकाच बाकावर बसवण्याची ताकद एका संघात होती. तो संघ टिकायला मात्र हवा होता.

८ एप्रिल २०१२ ला गहुंज्यातला पहिला सामना झाला. समोर पुन्हा पंजाबच. सौरव गांगुलीच्या संघाने २२ धावांनी विजय मिळवला. दोनच दिवसांपूर्वी वानखेडेवर मुंबईला हरवून संघ आला होता, त्यामुळे त्या आठवड्यात पुण्याने जरा छाती फुगवून घेतली. ती हवा टिकली नाही. हंगाम संपला तेव्हा नऊ संघांत पुणे नववं होतं.

खरा पोपट झाला तो पुढच्या वर्षी. ७ एप्रिल २०१३, रविवार. सुट्टीचा दिवस, हंगामातला घरचा पहिला सामना आणि योगायोगाने प्रतिस्पर्धी तोच, पंजाब. वॉरियर्सने २० षटकांत ९ बाद ९९ केल्या. शंभरीसुद्धा नाही. पंजाबने १२.२ षटकांत, आठ गडी राखून सामना खिशात घातला. टी-ट्वेंटीला जाणारा माणूस हरण्याची तयारी ठेवून जातो, पण साडेसात षटकं शिल्लक असताना घरी परतण्याची ठेवत नाही. ‘तिकिटाचे पैसे सोड, गाडी लावायला जेवढा वेळ गेला तेवढीसुद्धा मॅच झाली नाही’ ही त्या जातीच्या सामन्यांनंतरची अस्सल प्रतिक्रिया. त्याच महिन्यात बंगळुरूला ख्रिस गेलने नाबाद १७५ धावा कुटल्या, त्याही पुण्याच्याच गोलंदाजांवर. गेलची ती खेळी जगाला आठवते. मार कोणी खाल्ला हे पुण्यालाच आठवतं.

तरी १९ मे २०१३ ला गहुंज्यात दिल्लीला हरवून संघाने हंगाम संपवला आणि बाहेर पडताना लोक पुढच्या वर्षाचं बोलू लागले. पुढचं वर्ष आलंच नाही. दोनच दिवसांत सहाराने माघार जाहीर केली, ऑक्टोबरमध्ये क्रिकेट मंडळाने करार मोडला आणि पैशांच्या वादात स्टेडियमवरचं नावही उतरलं. हरणारा संघ तरी होता; आता तोही गेला.

दोन वर्षांच्या रिकाम्या जागेनंतर २०१६ मध्ये रायझिंग पुणे सुपरजायंट्स आले. तेसुद्धा दुसऱ्याच्या दुखवट्यामुळे. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित झाले होते, म्हणून पुणे आणि राजकोट या दोन शहरांना तेवढ्यापुरती जागा मिळाली. धोनी कर्णधार, अजिंक्य रहाणे आणि स्टीव्ह स्मिथ दिमतीला. गहुंज्यातला पहिला सामना २२ एप्रिलला बंगळुरूशी झाला. कोहलीने ८० केल्या, डिव्हिलियर्सने ४६ चेंडूंत ८३, आणि पुणे १३ धावांनी कमी पडलं. पण मैदानातला आवाज वेगळंच सांगत होता. गजर होता तो ‘धोनी’चा आणि ‘कोहली’चा. पुण्याच्या नावाचा गजर करायला अजून कोणाची जीभ वळली नव्हती. घरचा संघ हरला म्हणून अर्धं मैदान खट्टू झालं, उरलेल्या अर्ध्याचे पैसे वसूल झाले.

नंतर जे झालं ते एखाद्या नव्या संघाने सोसू नये असं. २४ एप्रिलला कोलकात्याने दोन गडी राखून हरवलं. २९ एप्रिलला स्मिथने शतक ठोकलं, संघाने १९५ केल्या, तरी गुजरातने अखेरच्या चेंडूवर सामना काढला. १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, मुंबईने आठ गडी राखून पाडाव केला. घरच्या मैदानावर चार सामने, चार पराभव. आणि मग घरही गेलं. त्या वर्षी मराठवाड्यात पाण्याचा ठणठणाट होता, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं. खेळपट्ट्यांवर पाणी कसलं ओतता, असा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश निघाला. १ मेचा सामना तेवढा अपवाद म्हणून राहिला. माण-हिंजवडीच्या सोसायट्यांत टँकरची वाट बघणाऱ्यांना या निर्णयावर रागावणं जमलं नाही. ‘बरोबरच आहे’ म्हणायचं आणि मनातल्या मनात चुटपुटायचं, एवढंच हाती होतं.

संघाने विशाखापट्टणमला बिऱ्हाड हलवलं. तिथे तीनपैकी दोन सामने जिंकले. शेवटच्या सामन्यात अखेरच्या षटकात २३ धावा हव्या असताना धोनीने त्या काढल्या, शेवटच्या चेंडूवर षटकार मारून. पुण्याच्या संघाचा त्या हंगामातला सर्वांत थरारक ‘घरचा’ विजय पुण्याने टीव्हीवर पाहिला.

२०१७ मध्ये नावातलं अनेकवचन काढून संघ ‘सुपरजायंट’ झाला आणि जणू नावातल्या एका अक्षराबरोबर साडेसातीही गेली. ६ एप्रिलच्या पहिल्या घरच्या सामन्यात मुंबईच्या १८४ धावांचा पाठलाग करताना अखेरच्या षटकात स्मिथने पोलार्डला षटकार ठोकले आणि एक चेंडू राखून सामना जिंकला. पाचच दिवसांनी दिल्लीने याच मैदानावर ९७ धावांनी धुतलं, पण यावेळी कोणी संघावर पाणी सोडलं नाही. धोनीच्या नाबाद ६१ धावा, बेन स्टोक्सचं नाबाद शतक अशा संध्याकाळी गहुंज्याला मिळाल्या. पहिल्यांदाच कामाच्या जागी ‘आपण काल जिंकलो’ असं ऐकू यायला लागलं. २१ मे रोजी हैदराबादला अंतिम सामना झाला. मुंबई ८ बाद १२९, पुणे ६ बाद १२८. एका धावेने करंडक गेला.

कुठल्याही शहरात अशा रात्रीनंतर लोक म्हणतात, ‘पुढच्या वर्षी’. पुण्याला ती सोय नव्हती. दोन वर्षांची मुदत संपली, चेन्नई आणि राजस्थान परतले, आपला संघ गुंडाळला गेला. गंमत अशी की पुढच्याच वर्षी कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे सामने गहुंज्याला आले. २० एप्रिल २०१८ ला शेन वॉटसनने शतक ठोकलं, चेन्नई ६४ धावांनी जिंकली आणि सगळं मैदान पिवळं झालं. चेन्नईहून प्रेक्षकांची खास रेल्वे आली होती, पण त्या पिवळ्या गर्दीत इथले लोकही काही कमी नव्हते. काहींनी याला पुणेकरांची बेइमानी म्हटलं. बेइमानी करायला आधी इमान ठेवायला काही हवं. निळा झाला, जांभळा झाला, मग पिवळा. कपाटात शर्ट साठत गेले, संघ एकही उरला नाही.

देशाचा संघ तरी बदलत नाही. त्यालाही गहुंज्यातले पहिले दिवस मात्र फारसे लाभले नाहीत. डिसेंबर २०१२ मध्ये इंग्लंडविरुद्धचा पहिला टी-ट्वेंटी युवराजच्या अष्टपैलू खेळावर जिंकला, पण ऑक्टोबर २०१३ मधला इथला पहिला एकदिवसीय सामना ऑस्ट्रेलियाने ७२ धावांनी घेतला. मग १५ जानेवारी २०१७ उजाडला. इंग्लंडच्या ३५० धावा, भारत ४ बाद ६३, आणि पुण्याचाच केदार जाधव कोहलीच्या साथीला आला. केदारने ७६ चेंडूंत १२० काढल्या, कोहलीने १२२, आणि सामना खेचून आणला. घरच्या मैदानावर घरचा पोरगा, हे गहुंज्याला अनुभवायला मिळालं, आणि त्या रात्री ‘आपला’ हा शब्द कोणाला शिकवावा लागला नाही.

पाच आठवड्यांनी गहुंज्यात पहिली कसोटी झाली, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. २३ फेब्रुवारी २०१७, गुरुवार. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्रीची सुट्टी, म्हणून गर्दी जमली. ३ बाद ९४ वरून भारत १०५ वर आटोपला. अकरा धावांत सात गडी. स्टीव्ह ओ’कीफ या नवख्या नावाने दोन्ही डावांत ३५ धावांत सहा-सहा बळी घेतले. दुसऱ्या डावात सलामीवीरांनी दोन्ही रिव्ह्यू पहिल्या काही षटकांतच उधळले. शनिवारी १०७ धावांत सगळं संपलं, पराभव ३३३ धावांचा. ज्यांनी रविवार राखून ठेवला होता, त्यांना रविवारी क्रिकेटच उरलं नाही. राग आधी फलंदाजांवर निघाला, मग खेळपट्टीवर; सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनीही तिला ‘निकृष्ट’ शेरा दिला.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कोहलीच्या नाबाद २५४ धावांनी दक्षिण आफ्रिकेला डावाने हरवलं, आणि तो सामना बरोबर रविवारी संपला. हिशेब चुकता झाला असं वाटलं. २०२४ मध्ये पुन्हा गुरुवारी कसोटी सुरू झाली, पुन्हा शनिवारी संपली. न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने तेरा बळी घेतले, भारत ११३ धावांनी हरला आणि मायदेशात लागोपाठ अठरा मालिका जिंकण्याची साखळी गहुंज्यात तुटली. पहिल्या दिवशी तर उन्हात बसलेल्या प्रेक्षकांना प्यायला पाणी पुरलं नाही, घोषणा झाल्या आणि क्रिकेट संघटनेला माफी मागावी लागली. मैदानाचा बराचसा भाग उघडा आहे. पराभव सावलीत बसून पचवता येतो. कोरड्या घशाने नाही.

पराभव पचवण्याचं म्हणाल तर अमेरिकेत बेसबॉलच्या हंगामातला घरचा पहिला सामना सणासारखा साजरा होतो. १९१० मध्ये अध्यक्ष टाफ्ट यांनी पहिला चेंडू टाकला, तेव्हापासून त्याला राजमान्यताही आहे. तो सामना हरला की लोक चिडतात, नावं ठेवतात आणि पुढच्या सामन्याला हजर होतात. शिकागो कब्जने १९०८ नंतरचं जेतेपद थेट २०१६ मध्ये मिळवलं. पुण्याने घरचे चारही सामने गमावले, तेच हे वर्ष. एकशे आठ वर्षं लोक निराश झाले, पण एकाच संघावर निराश झाले. आजोबांनी ज्याच्यावर राग काढला, त्याच्यावरच नातवाने काढला. निराशा अशी पिढ्यान्‌पिढ्या साचते तेव्हाच तिला निष्ठेचा रंग चढतो.

हे आपल्याकडे जमत नाही असंही नाही. गहुंज्यापेक्षा माणच्या जवळ असलेल्या बालेवाडीत ते घडलंय. पुणेरी पलटण २०१४ मध्ये प्रो कबड्डीत आली आणि पहिल्याच हंगामात आठ संघांत आठवी आली. मुळशीत कबड्डी कोणाला शिकवावी लागत नाही, त्यामुळे शिव्याही जाणकारीच्या पडल्या: पकड कुठे सुटली, बोनस का घेतला नाही, कव्हर आत का आला. पण संघाचं नाव तेच राहिलं. २०२२ ला अंतिम सामना जयपूरकडून गमावला. मार्च २०२४ ला, हैदराबादलाच, अस्लम इनामदारच्या पलटणने हरियाणाला २८-२५ असं हरवून करंडक घेतला. २०१४ ला नावं ठेवणारी माणसं त्या रात्री ‘मी तेव्हापासून बघतोय’ असं सांगत होती, आणि ते खरंही होतं.

गहुंज्याच्या प्रेक्षकाला मैदान मिळालं, तारे मिळाले, सामने मिळाले. २०२२ ला तर आयपीएलच्या साखळीतले सामने इथे एकामागून एक झाले. दहा वर्षं एकाच नावावर वैतागण्याचा हक्क तेवढा त्याला कोणी दिला नाही. पुण्याच्या नावावर उद्या कोणी पुन्हा बोली लावलीच, तर कर्णधार कोण आणि शर्ट कुठल्या रंगाचा हे नंतर ठरवा. घरचा पहिला सामना नव्याण्णव धावांत गुंडाळला तरी आम्ही गाडी लावायला जागा शोधत येऊ. आधी एवढं सांगा, दहाव्या वर्षी तुम्ही इथे असाल ना?